पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी, मार्चमध्ये बोअर कोरडी : शोषखड्डा करायचा की नाही?

कोथरूड_सेक्रेटरी

३६ सदनिकांची सोसायटी. गच्ची ९०० चौ. मी. बोअर एकच, २२० फूट खोल, केसिंग (भोकात बसवलेला बंद पाइप) ३० फुटांपर्यंत. ऑगस्टमध्ये पाणी अगदी वर, १२-१५ फुटांवर असतं, आणि मार्चमध्ये पंप हवा ओढतो. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाल्यापासून तासभर जोराची सर आली तरी अर्ध्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचतं.

सभेत तीन मतं पडली : गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडा, बोअर ४०० फुटांपर्यंत न्या, किंवा पार्किंगच्या भिंतीलगत मोठा शोषखड्डा खणा. ठेकेदार अंगणात पेव्हर ब्लॉकही सुचवतोय, त्यानं पाणी मुरेल म्हणतो. आणि वर्षाचा पाऊस तर पूर्वीइतकाच वाटतो, मग हे आताच का? आकड्यांत सांगितलंत तर सभेपुढे ठेवता येईल.

मुरूम_ते_पाषाण

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ऑगस्टमध्ये पाणी १२ फुटांवर येतं म्हणजे खडक दरवर्षी भरतोय. अडचण भरण्याची कमी आणि साठवणुकीची जास्त आहे.

पुण्याखाली बेसाल्टचे थर आहेत. वर थोडी माती, मग मुरूम (झिजून भुसभुशीत झालेला खडक), मग आलटून पालटून काळा पाषाण आणि मांजऱ्या नावाचा सच्छिद्र खडक. पाषाणात पाणी फक्त भेगांत राहतं. अशा खडकाच्या एका घनमीटरमधून उपसता येणारं पाणी साधारण १० ते ३० लिटर, म्हणजे १ ते ३ टक्के. म्हणजे खडकाची ही टाकी लहान, ती पावसाळ्यातच काठोकाठ भरते. पुढे त्याच थरातून शेजारच्या सगळ्या बोअर ओढतात आणि उरलेलं उताराकडे ओढ्यात झिरपतं.

म्हणून ४०० फुटांचं मत आधी बाद करा. खोल गेल्यावर भेगा विरळ आणि मिटलेल्या असतात. क्वचित एखादा थर लागतो, पण तो भरायला लागणारा काळ तुमच्या उपशापुढे टिकत नाही. त्यात केसिंग नीट बसवलं नाही तर वरच्या थरातलं पाणीही खाली निसटतं.

पैसे खर्च करण्याआधी चाचणी घ्या. पंप १२ तास बंद ठेवा, पाण्याची पातळी मोजा, मग १०,००० लिटर स्वच्छ पाण्याचा टँकर बोअरमध्ये संथपणे सोडा आणि पातळी दर दहा मिनिटांनी नोंदवा. ही चाचणी मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा घ्यायची. सगळे मे महिन्यातच घेतात, रिकामा खडक गटागट पाणी पितो, ठेकेदार खूश होतो. खरी सर येते तेव्हा तोच खडक तुडुंब असतो आणि काही घेत नाही.

गच्चीवरून_थेट

एवढं कशाला? गच्चीचा एक पाइप जाळी लावून बोअरमध्ये सोडायचा, संपलं. प्लंबर दिवसात करून देतो.

मुरूम_ते_पाषाण

@गच्चीवरून_थेट जाळीनं पानं अडतात, गाळ अडत नाही. गच्चीवर पारव्यांची विष्ठा, धूळ आणि वॉटरप्रूफिंगचे सुटलेले कण असतात. ते भेगांत जाऊन बसले की बाहेर काढायला उपाय नाही, कारण बोअर धुतली तरी भोकाबाहेरची भेग धुतली जात नाही. दोन-तीन पावसाळ्यांत बोअर घेणंही बंद करते आणि देणंही. शिवाय त्याच थरावर शेजाऱ्यांच्या बोअर आहेत, जंतू त्यांच्याकडेही जातात.

दुसरी गोष्ट हिशोबाची. ९०० चौ. मी. गच्चीवर तासात ५० मिमी पडला तर वाया जाणारं वगळून सुमारे ३८,००० लिटर येतात. बोअरनं तासाला ५,००० घेतले तरी ३३,००० लिटर अंगणातच राहतात आणि तिथून ते पार्किंगमध्ये उतरणार. म्हणून क्रम असा ठेवा : उभे पाइप, मग पहिल्या सरीचं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, मग १५-२० हजार लिटरची साठवण टाकी, मग गाळणी, आणि शेवटी जमीन. पहिला २ मिमी पाऊस, म्हणजे तुमच्याकडे साधारण १,८०० लिटर, गटारात जाऊ द्या. गाळणीत तळाशी ४० मिमी खडी ३० सेंमी, त्यावर २० मिमी खडी ३० सेंमी, मग जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, वाळू अडवणारं), वर जाडी वाळू ३० सेंमी. वाळूचा वरचा ५ सेंमी थर दर मे महिन्यात खरवडून बदलायचा. हे काम कोणाचं ते कराराच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी गाळणीवर गवत उगवलेलं असतं.

पार्किंगमधलं पाणी या साखळीत अजिबात घेऊ नका, त्यात ऑइल असतं.

ओढ्याकाठचा

पार्किंगचं पाणी येतं कुठून ते आधी ओळखा. रॅम्पवरून गढूळ येत असेल तर ते रस्त्याचं. फरशीच्या सांध्यांतून नितळ, आणि पाऊस थांबल्यावरही झिरपत राहत असेल तर ते भूजल. दुसरं असेल तर भिंतीलगतचा शोषखड्डा म्हणजे स्वतःच्याच तळघरात पाणी सोडणं. खड्डा निदान ६-७ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. रस्त्याचं असेल तर रॅम्पच्या तोंडाशी १५ सेंमी उंचवटा आणि आडवी जाळीची चर, एवढ्यानं बराच फरक पडतो.

पाऊस तेवढाच आहे असं वाटतं कारण आपण वर्षाची बेरीज बघतो. पुण्यातल्या शिवाजीनगरची वार्षिक सरासरी साधारण ७०० ते ७५० मिमी धरतात, प्रश्न ती कशी पडते हा आहे. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्यातल्या पाषाण भागातल्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, मोसमी वारे क्षीण होत असूनही. तो आकडा मध्य भारताचा, कोथरूडचा म्हणून सभेत सांगू नका. मुरमाला मात्र ५० मिमी दोन दिवसांत मिळणं आणि एका तासात मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी सगळं हवामानबदलाच्या खात्यावर टाकू नका. रस्ता उंचावला, कडेची माती गेली, ओढे भिंतींत आवळले, नव्या इमारतींच्या तळघरांसाठी मुरूमच कापून काढला, ही आपली कामगिरी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला जो पूर आला त्यात पाऊस मोठा होताच, पण पाण्याला पसरायला जागाही उरली नव्हती.

पेव्हर ब्लॉकबद्दल : खाली काँक्रीटचा थर ओतणार असेल तर पाणी कणभरही मुरणार नाही. त्याऐवजी १५-२० सेंमी खडी, वर ५ सेंमी बारीक ६ मिमी खडी आणि सांध्यांतही तीच. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घातली की सांधे बुजतात.

कोथरूड_सेक्रेटरी

पार्किंगमधलं पाणी गढूळ आहे आणि रॅम्पवरूनच येतं. मग बोअरमध्ये पाणी सोडायचं की मुरमात?

मुरूम_ते_पाषाण

मुरमात. तुमचं ३० फुटांचं केसिंग मुरमाचा थर बंद करतं, त्यामुळे बोअरमध्ये सोडलेलं पाणी थेट खालच्या भेगांत जातं, वरचा थर उपाशीच राहतो. कुंपणालगत उताराच्या बाजूला १ मीटर रुंद, दीड-दोन मीटर खोल चर काढा, मुरूम लागेपर्यंत. तळ काळ्या पाषाणात गेला तर तो हौद होईल आणि त्यात डास होतील. चर भरली की जादा पाणी पावसाळी गटारात जाईल असा ओव्हरफ्लो ठेवा. चार इंची उभा पाइप ताशी ५० मिमी पावसाला साधारण ८५ चौ. मी. गच्चीपुरता, १०० मिमीला त्याच्या निम्म्याला. तुमच्याकडे असे किती पाइप आहेत ते आधी मोजा, बहुधा तिथेच अडेल.

आणि सभेत अपेक्षा आवरा. ७०० मिमी धरून गच्चीवरून वर्षाला ५.३ लाख लिटर मिळतील. ३६ घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज १९,४४० लिटर. सगळं साठवलं तरी २७ दिवसांचं पाणी. मार्चची बोअर वाचवायची असेल तर पंपाला टायमर बसवा आणि ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पातळी लिहा. उपसा किती करायचा ते त्या वहीवरून ठरेल.