एचएचटी : वारंवार घोळणा फुटणे आणि पोटातला रक्तस्राव, पहिली तपासणी कोणती करावी?

नदीकाठ : माझ्या आईचा घोळणा तरुणपणापासून फुटतो. हिमोग्लोबिन बरेच उतरल्यामुळे केलेल्या एंडोस्कोपीत जठराच्या अस्तरावर विस्तारलेल्या रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके आढळले. मामांना आनुवंशिक रक्तस्रावी टेलांजिएक्टेशिया, अर्थात एचएचटी (रक्तवाहिन्या विकृत व विस्तारलेल्या होऊन रक्तस्राव होण्याचा आजार), असल्याचे निदान पूर्वीच झाले आहे. सध्या एकाच मोठ्या तपासणीचा खर्च झेपेल. ती कोणती असावी?

पारिजातक : जनुकीय तपासणीच करा. आमच्या घरी एंडोग्लिन जनुकातील बदल सापडल्यामुळे कोणत्या मुलांवर लक्ष ठेवायचे हे निश्चित कळले. हा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. त्याचबरोबर मेंदूचा एमआरआय आणि यकृताची डॉपलर सोनोग्राफीही करून घ्यावी.

दीपमाळ : प्रश्न एकाच तपासणीचा आहे. शिवाय घोळणा, अवयवातील विकृत रक्तवाहिन्या आणि सख्ख्या नात्यातील रुग्ण हे एचएचटीच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या क्युरासाओ निकषांपैकी तीन निकष इथे पूर्ण होतात, त्यामुळे निदान जनुकासाठी अडत नाही.

पारिजातक : आईपुरते ते खरे आहे. पण लहान वयात लक्षणे दिसत नसल्याने निकषांवर विसंबून मुलांना निरोगी ठरवता येत नाही.

कातरवेळ : तपासणी कोणतीही करा, पण नाक पुन्हा पुन्हा डागू देऊ नका. माझ्या नाकाच्या पडद्याला त्यामुळेच छिद्र पडले. सलाईनने नाक ओलसर ठेवण्याचा आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचा मला अधिक उपयोग झाला.

शिंपला : वर सांगितल्याप्रमाणे जनुकीय तपासणी सर्वांत आधी. आम्हाला कित्येक वर्षे मूळव्याधच सांगितली जात होती.

दीपमाळ : फुफ्फुसांचा विचार कोणीच केलेला नाही. तिथे धमनी आणि शीर केशवाहिन्यांवाचून थेट जोडल्या गेल्या असतील, तर गुठळ्या आणि जंतू गाळले न जाता मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि पक्षाघात किंवा मेंदूत गळू होईपर्यंत रुग्णाला अनेकदा काही जाणवतही नाही. शिरेत सूक्ष्म बुडबुड्यांचे सलाईन सोडून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हा दोष कळतो आणि अशी मोठी वाहिनी कॅथेटरने बंद करता येते. इको होईपर्यंत दातांच्या कामाआधी प्रतिजैविक घ्यावे आणि सलाईनच्या नळीत हवा जाऊ देऊ नये.

नदीकाठ : सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला जिना चढताना धाप लागते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रमाण) वाढलेले नाही, म्हणून डॉक्टरांशी बोलून मोठी तपासणी तूर्त थांबवून आधी शिरेतून लोह द्यायचे ठरवले आहे. त्यानंतर इको करू. दाताचे काम तोवर पुढे ढकलले आहे, आणि नळीतील हवेची सूचना परिचारिकांना लेखी देणार आहे.