बसते, पण रांगत नाही. ९ महिन्यांच्या बाळासाठी घरी काय करावं?

पालवी:
मुलगी ९ महिन्यांची झाली. जन्म ३५व्या आठवड्यातला. आधाराशिवाय छान बसते, दोन्ही कुशींवर वळते. पण पालथं घातलं की मिनिटभरात रडायला लागते आणि पुढे जायच्या ऐवजी मागेच सरकते. खेळणं लांब गेलं तर बसल्या जागेवरून ओरडते, हलत नाही. घरभर गुळगुळीत टाइल्स आहेत. सासूबाई वॉकर आणू या म्हणताहेत. उशीर झालाय का, आणि घरी नेमकं काय करून घ्यायचं?

फिजिओ_बालविभाग:
पालवीताई, आधी वय नीट मोजा. बाळ ५ आठवडे लवकर आलंय, तेवढे वजा करा. म्हणजे तिचं वय सुमारे पावणेआठ महिने धरायचं. दोन वर्षांची होईपर्यंत प्रत्येक टप्पा असाच मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून २००६ मध्ये दिलेल्या तक्त्यात हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने असा चांगलाच ऐसपैस आहे. त्यातली ४ टक्क्यांच्या आसपास मुलं तशी रांगलीच नाहीत. म्हणजे नुसत्या रांगण्यावरून घाबरू नका.

मागे सरकणं ही चांगली खूण आहे. हातांत जोर पायांच्या आधी येतो, त्यामुळे तळवे टेकून ढकललं की अंग मागे जातं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तिची खरी अडचण बसण्यातून बाहेर पडण्याची वाटते. मूल स्वतः उठून बसायच्या आधी आपण त्याला बसवून ठेवतो, भोवती उशा लावतो, हातात खेळणी देतो. मग बसल्या जागेवरून खाली हातांवर कसं यायचं हे त्याला शिकायला मिळत नाही. ते असं शिकवा: ती बसलेली असताना खेळणं समोर ठेवू नका. उजव्या कमरेच्या बाजूला, वीतभर लांब, जरासं मागे ठेवा. ती वळून दोन्ही हात त्या बाजूला टेकवेल. त्याच क्षणी तिच्या डाव्या कमरेवर हात ठेवून हलकेच उचला आणि खेळण्याकडे वळवा. ती आपोआप हातागुडघ्यांवर येईल. दोन श्वास थांबा, मग कंबर एका बाजूला टेकवून परत बसू द्या. दोन्ही बाजूंनी ४-५ वेळा, दिवसातून तीनदा. हात धरून ओढायचं नाही, दिशा कमरेतूनच द्यायची.

दोन गोष्टी बिघडतात. कोपरं दुमडून तोंड जमिनीला लागतं, किंवा गुडघे बेडकासारखे बाहेर फाकतात. दोन्हींवर उपाय एकच: पाय लांब करून बसा आणि तिला तुमच्या एका मांडीवर आडवं घ्या, छाती-पोट मांडीवर, तळवे एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. वजन तुमची मांडी घेते, तोल ती सांभाळते. या स्थितीत ती पुढे-मागे डोलायला लागली की समजा रांगणं जवळ आलंय. मग एका हातावर भार ठेवून दुसऱ्याने खेळणं पकडायला लावा. एका हातावर भार पेलला नाही तर पुढचा हात उचलताच येत नाही.

पालथं घालणं दूध पाजल्यानंतर अर्ध्या तासाने. दोन-दोन मिनिटंच, पण दिवसातून अनेकदा, आणि तुम्हीही समोर पालथ्या पडा. गुडघा दुमडला की तळपायाला तुमचा तळवा नुसता टेकवून ठेवा. ती स्वतः ढकलेल, तुम्ही ढकलू नका.

टाइल्सवर सतरंजी तिच्यासकट सरकते. खाली रबरी जाळी घाला किंवा जाड फोमची चटई पसरा. गादी नको, हात रुततात. मोजे काढा, गुडघे उघडे ठेवा, फ्रॉक गुडघ्याखाली अडकतो म्हणून आखूड चड्डी घाला. सरावाच्या आधी तेल लावू नका.

केतकी_बालरोग:
वॉकर आणू नका, अगदी कळकळीने सांगते. त्यात मूल चवड्यांवर ढकलत जातं, कमरेला आणि पोटाच्या स्नायूंना काम उरत नाही. शिवाय क्षणात जिना, गॅस किंवा गरम चहापर्यंत पोचतं. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. सासूबाईंना पांगुळगाडा सुचवा, पण तोसुद्धा ती धरून उभी राहून पावलं टाकायला लागल्यावरच.

डॉक्टरांना कधी दाखवायचं ते लक्षात ठेवा: सरकताना एकच हात-पाय वापरते आणि दुसरा ओढते, वर्षाच्या आत सतत एकाच हाताने वस्तू घेते, पाय ताठ राहून कात्रीसारखे एकमेकांवर येतात, अंग फारच लुळं लागतं, किंवा आधी येत असलेलं आता येत नाही. यातलं काहीही दिसलं तर वयाची वाट बघायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत मिळते. अंगणवाडीतूनही तिथे पाठवतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का? रोज ४०० आययू, वर्षभर. लवकर जन्मलेल्या बाळाला लोहाचे थेंबही लागतात, त्याचा डोस वजनावर ठरतो, तो विचारून घ्या.

पालवी:
मनापासून आभार. मांडीवरचा प्रकार आज केला, रडली नाही! एक शंका. आता ती बसल्या बसल्या एक हात टेकून ढुंगणावर पुढे सरकायला लागली आहे. हे चालेल का?

फिजिओ_बालविभाग:
चालेल, हाही पुढे जाण्याचाच एक प्रकार. बऱ्याचदा घराण्यात असतो, दोघांच्याही आईंना विचारून बघा. अशी मुलं चालायला उशिरा लागतात, काही तर दीड वर्षानंतर. फक्त टेकायचा हात दर वेळी तोच असेल तर खेळणी दुसऱ्या बाजूला ठेवून तो बदलतो का पाहा. अजिबात बदलत नसेल तर दाखवून घ्या.

आणि घर आजच आवरा, ती सरकायला लागलीच आहे. स्वतः जमिनीवर पालथं पडून बघा, म्हणजे सोफ्याखालचे शेंगदाणे, नाणी, लोंबणाऱ्या वायरी दिसतील. रिमोट आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या सेलचं झाकण स्क्रूने बंद करा. सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. तसं वाटलं तर उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या. बाथरूममधली बादली रिकामी करून उपडी ठेवा आणि देवघरातली समई तिचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर हलवा.