चर्चा: रस्त्याच्या कडेला अ‍ॅम्ब्युलन्स किंवा क्रेन उभी दिसली तर स्पीड कमी करणं सक्तीचं हवं का?

वर्धारोडवाला:
मागून सायरन वाजवत अ‍ॅम्ब्युलन्स आली की बाजूला व्हायचं हे आता बऱ्याच जणांना कळतं, आणि त्याला कायदाही आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ई, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं, जागा दिली नाही तर १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण तीच अ‍ॅम्ब्युलन्स अपघाताच्या जागी पोचून कडेला उभी आहे, १०८ चे डॉक्टर आणि ड्रायव्हर स्ट्रेचर काढून राहिलेत, क्रेनवाला वाकून हूक लावून राहिलाय, तेव्हा बाजूनं जाणाऱ्या गाड्यांनी काय करायचं याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. खापरी ते बुटीबोरी कधीही पाहा, लोकं हॉर्न मारतात आणि आहे त्याच स्पीडनं काढतात. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत नियम आहे, अशी गाडी उभी दिसली की तिच्या बाजूची लेन सोडा, सोडता येत नसेल तर स्पीड कमी करा. आपल्याकडेही हा नियम पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो होईपर्यंत नागपूरकरांनी स्वतःहून सुरू करावं. जी माणसं आपल्याला वाचवायला रस्त्यावर उतरतात त्यांना आपणच उडवायचं हे मला सहन होत नाही.

प्रतापनगर_कट्टा:
भावना मान्य, उपाय मान्य नाही. अमेरिकेतली लेन आणि आपली लेन यात फरक आहे भाऊ. आपल्या फ्लायओव्हरवर ऑफिस सुटायच्या वेळी लेन सोडायची कुठे, बाजूला ऑटो, मधात बाईक, मागे स्टार बस. आणि समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, तिथं नवीन नियम आठवून कोणी एकदम ब्रेक मारला तर मागचा ट्रेलर त्याच्यावर येईल. आधी रस्ता बनवणाऱ्यांना विचारा की थांबायला नीट जागा का नाही, लाइट का नाही. सगळी जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर टाकली की बाकीचे सुटतात.

वर्धारोडवाला:
ब्रेक मारा असं मी म्हटलंच नाही. दिवे दिसले की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, इतकंच. समृद्धी बराचसा सरळ रस्ता आहे, रात्री चमकणारे दिवे लांबूनच दिसतात. पाय उचलला की स्पीड आपोआप उतरतो आणि मागच्यालाही वेळ मिळतो. लोकं दिवे पाहून पाय उचलत नाहीत, तिथंच सगळं अडतं. फ्लायओव्हरवर लेन नसेल तर सोडू नका, हळू जा, नियमातच तशी सोय आहे.

क्रेनवाला_कामठी:
मी हेच काम करतो म्हणून लिहून राहिलो. गाडी उचलाची असली का पहिले खाली बसा लागते, पट्टा चाकाले गुंडाळा लागते, त्या टायमाले पाठ रस्त्याकडं असते, मागून कोण येऊन राहिला काही दिसत नाही. ट्रक बाजूनं गेला का हवेचा असा धक्का बसते का हातातला पाना सुटते. पावसाळ्यात तर अंगावर चिखलाचं पाणी, डोळे पुसाचे का हूक लावाचा. अन् सगळ्यात डेंजर कोण माहीत आहे का, जो स्लो करते पण पाहाले स्लो करते, खिडकीतून मोबाइल काढते. त्याची नजर अपघातावर, गाडीबी तिकडंच सरकते. पिवळा दिवा लावला तरी काही जण दिव्याकडंच पाहत येते अन् स्टिअरिंग तिकडंच ओढल्या जाते. म्हणून नुसतं हळू या असं सांगू नका, समोर पाहून जा हेबी सांगा.

वाडी_ट्रान्सपोर्ट:
आमचे ट्रक आहेत, अमरावती रोडलाच ऑफिस आहे. ड्रायव्हर लोकांना शिव्या देणं सोपं आहे. लोडेड गाडी कारसारखी थांबत नाही, आणि बिचारा ड्रायव्हर रात्रभर जागून आलेला असतो कारण पार्टीला माल सकाळी पाहिजे असतो. त्याला पोस्टर दाखवून काय होणार? दुसरी गोष्ट, उभ्या गाडीमागे खूण कुठे असते? नियमाप्रमाणे गाडीत रिफ्लेक्टरचे त्रिकोण ठेवायचे असतात, पण आपल्याकडे बंद ट्रकच्या मागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडतात, आणि ट्रक सुरू झाला की दगड तिथंच सोडून जातात. बचाववाल्यांच्या गाडीतही रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे कोन असतील तर दोन-चार, तेही गाडीला चिकटून. लांब मागेपर्यंत तिरप्या ओळीत कोन लावले तर ट्रकवाला स्वतःच लेन बदलतो, त्याला कोणी शिकवायची गरज नाही. माझं मत, आधी सामान आणि ट्रेनिंग, मग जनजागृती.

मानेवाडा_ताई:
दादा तुमचं कोनाचं बरोबर आहे पण ते कोन लावायला जाणारा माणूसही चालत्या ट्रॅफिककडेच चालत जातो ना, पहिला कोन लावेपर्यंत त्याला कोण वाचवणार? तिथं गाडी चालवणाऱ्याचीच अक्कल कामी येते. माझा भाऊ १०८ वर आहे. रात्री रिंग रोडचा कॉल आला की आई त्याचा फोन येईपर्यंत झोपत नाही, आणि तिला भीती पेशंटची नसते, बाजूनं जाणाऱ्या गाड्यांची असते. मला वाटतं हे आपल्या पद्धतीनं गाजवायला पाहिजे. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते, बडगे म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे निघतात, दरवर्षी महागाई नाहीतर भ्रष्टाचारावर असतात. यंदा एखाद्या मंडळानं मोबाइल धरलेल्या, अ‍ॅम्ब्युलन्सला घासून जाणाऱ्या ड्रायव्हरचा बडग्या काढावा, अख्खी इतवारी-महाल पाहील. लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत यावर प्रश्न असावा ही मागणीपण करता येईल.

प्रतापनगर_कट्टा:
ताई तुमच्या भावाची काळजी समजते. पण बडग्या संध्याकाळपर्यंत जळून जाईल आणि दुसऱ्या दिवशी वर्धा रोड तोच राहील. हेल्मेटवर किती वर्षं मोहिमा चालू आहेत पाहा, पोलीस उभा असला की डोक्यावर, नसला की हँडलला.

वर्धारोडवाला:
हेल्मेटचंच उदाहरण घ्या, जितके घालतात तितके तरी मोहीम आणि कारवाई दोन्ही मिळूनच घालायला लागले. सायरनला बाजूला होणंही आधी लोकांनी सुरू केलं, १० हजारांचा दंड नंतर आला. वाडीवाले भाऊ, तुमचा सामानाचा मुद्दा मी मान्य करतो, निवेदनात पहिली मागणी तीच ठेवू. आरटीओ, ट्रॅफिक पोलीस आणि महामार्गवाल्यांना द्यायचं आहे. पण दुसरी मागणी गाडी चालवणाऱ्यांवरचीच राहील, ती मी काढणार नाही.

वाडी_ट्रान्सपोर्ट:
दंड मागणार असाल तर माझी सही नाही. पहिल्या वर्षी फक्त समज द्यावी असं लिहा, मग विचार करतो. रविवारी सकाळी आमच्या यार्डात वीस-पंचवीस ड्रायव्हर असतात, बोलायला या, चहा आमच्याकडून. पण त्यांचंही ऐकून घ्या.

क्रेनवाला_कामठी:
मीबी येतो रविवारी. अन् एक, तुमच्या त्या कलमात फायर अन् अ‍ॅम्ब्युलन्स आहे, बाकी कोणत्या गाड्या ते सरकार ठरवते म्हणते. निवेदनात क्रेनचं नाव टाका. आम्ही सगळ्यात शेवटपर्यंत रस्त्यावर असतो, अन् अ‍ॅम्ब्युलन्स निघून गेली का लोकं समजते का रस्ता मोकळा झाला.

वर्धारोडवाला:
टाकतो. क्रेन, महामार्गाचे पेट्रोलिंगवाले, अन् वादळात पडलेलं झाड उचलणारे मनपाचे कामगारपण. दंडाचं रविवारी समोरासमोर बोलू, मी अजून माझ्या मतावर आहे.