एक डोंगर फुटला की शेजारचाही फुटतो?

दगडफोड्या:
परवा इथे एकाने ठासून लिहिलं, "हवाईत २०२२ला मौना लोआ आणि किलावेआ हे शेजारचे ज्वालामुखी एकाच वेळी फुटले, एकाच आठवड्यात थंडावले. म्हणजे खाली मॅग्माची, वितळलेल्या खडकाची, टाकी एकच." त्यावर सगळ्यांच्या टाळ्या! अहो, किलावेआ सप्टेंबर २०२१ पासूनच धगधगत होता. मौना लोआ ३८ वर्षं झोपून २७ नोव्हेंबरला उठला. टाकी एकच असती तर दोन्हीकडे सारखाच माल आला असता. शिखरांत अंतर जेमतेम ३४ किमी, तरी लाव्हाची रासायनिक घडण वेगळी निघते. आणि १९८३ ते २०१८ किलावेआ जवळजवळ अखंड ओकत होता, तेव्हा १९८४ नंतर मौना लोआ गप्प का? काडीचा संबंध नाही.

उल्का_ठाणे:
टाकी एक नाही, बरोबर. पण "काडीचा संबंध नाही" हे कुठून आणलंत? मे २००२ मध्ये किलावेआतून लाव्हाचा नवा ओघ निघाला आणि त्याच सुमारास मौना लोआ फुगायला लागला. जीपीएसवर दिसलंय. मॅग्मा इकडचा तिकडे जायलाच हवा असं नाही, दाब पोहोचला तरी पुरे. एक फुगला की शेजारचा खडक आवळला जातो, कुठे फट मिटते, कुठे उघडते.
आणि अलास्का? जून १९१२ मध्ये स्फोट झाला नोव्हारुप्ता ज्वालामुखीला, माथा खचला १० किमीवरच्या कटमाई ज्वालामुखीचा. खालचा मॅग्मा तिकडून निघून गेला म्हणून. कित्येक वर्षं लोक कटमाईच फुटला समजत होते.

दगडफोड्या:
अलास्काचं बिल हवाईच्या नावावर फाडू नका.

उल्का_ठाणे:
प्रश्न "शेजारचे ज्वालामुखी" असा आहे, हवाई तुम्ही आणलीत. आधी नीट वाचा.

बाळू_फ्रँकफर्ट:
भांडा तुम्ही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली, तेव्हा मी विमानतळावर लष्करी खाटेवर झोपलो होतो, मुंबईत भावाचं लग्न. टीव्हीवर एकच धोशा, आता शेजारची कात्ला फुटणार. कारण एयाफ्यात्लायोकुत्ल १८२१ला सुरू झाला आणि १८२३ला कात्ला. फुटली का? १९१८ नंतर मोठा उद्रेक नाही. संबंध-बिंबंध सगळं झूट. वर विमा कंपनीने हात झटकले, "नैसर्गिक आपत्ती पॉलिसीत बसत नाही."

माहेरवाशीण:
बाळूदादा, आमचंही तेच! हॉटेलची पावती मूळ प्रत हवी म्हणाले. राखेत पावती कुठून आणू? 😡

उल्का_ठाणे:
बाळूदादा, तुमचं लग्न चुकलं म्हणून भूगर्भशास्त्र खोटं ठरत नाही. एकदा झालं म्हणजे दरवेळी होईल असं कुणी म्हटलंय? शेजाऱ्याचा मॅग्मा आधीच पिकलेला असेल तरच बाहेरचा धक्का कामी येतो.

बाळू_फ्रँकफर्ट:
भावाचं लग्न, माझं नाही. आणि "पिकलेला असेल तर" ही पळवाट झाली, ताई. फुटला तर तुम्ही बरोबर, नाही फुटला तर कच्चा होता!

दगडफोड्या:
बाळूशी पहिल्यांदाच सहमत. तरी घ्या उल्काताई, "दाबाचा संबंध असू शकतो." फ्रेम करून भिंतीला लावा. टाकीवाला मात्र अजून इकडे फिरकलेला नाही.

माहेरवाशीण:
पॉलिसीत राखेसाठी वेगळं कलम असतं का हो? कुणी वाचलंय का?