मदत हवी आहे: तज्ज्ञ डॉक्टरच्या शपथपत्रात नर्सची नोंदच नाही, काय विचारू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावरून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०२३ च्या ऑगस्टात मोठा भाऊ गेला. दिवसभर वावरात होता, रात्री खालीच अंथरूण टाकून झोपला. तीनला उठला तो पोट धरून. उलटी झाली. फटफटीवर मधात बसवून तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन अन् सलाईन. ५.४० ला नर्सनं केसपेपरवर लिहून ठेवलंय: दोन्ही पापण्या पडतात, गिळता येत नाही. सातला यवतमाळला न्या म्हणाले. रस्त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी कुटाराच्या खोलीत मण्यार निघाली.

पोस्टमॉर्टेममध्ये मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलं, व्हिसेराचा (शरीरातल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल अजून यायचाय. केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे म्हणे. आम्ही दोन महिने चकरा मारल्या. दोन वर्षांची मुदत संपायच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आता समोरच्यांनी नागपूरच्या एका एमडी डॉक्टरांचं शपथपत्र जोडलंय. दीड पान. 'चाव्याची खूण नव्हती, सर्पदंशाचा संशय घेण्याचे कारण नव्हते, उपचार योग्य.' ५.४० च्या नोंदीबद्दल एक शब्द नाही.

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना कागद दाखवले. ते लगेच म्हणाले, ही मण्यारच. तिचे दात बारीक, खूण बरेचदा दिसतच नाही, पहाटे पोट दुखते न् मग पापण्या पडतात. सरकारच्या सर्पदंश मार्गदर्शिकेतही हेच आहे म्हणे. म्हटलं, मग लिहून द्या. तर म्हणाले, "भाऊ, मले याच तालुक्यात दवाखाना चालवाचा हाय." त्यांचा राग येत नाही, पण नागपूरवाल्यांपेक्षा ते फार वेगळे आहेत असंही वाटत नाही. एकानं अर्धं लिहिलं, दुसऱ्यानं लिहिलंच नाही.

तज्ज्ञाला जाब विचारता येतो का? आमचा वकील म्हणतो, त्यांचं मत खोडायला आपलाही तज्ज्ञ लागतोच.

प्रतिसाद

वकील आहे, ग्राहक आयोगातच काम करतो. 'लागतोच' हे बरोबर नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सांगितलंय. २००५ चा जेकब मॅथ्यू दाखवून घाबरवत असतील तर तो फौजदारी गुन्ह्याबद्दल आहे. तरी तुमच्या प्रकरणात मत असलेलं बरं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडे कागद पाठवावेत, असा अर्ज आयोगाला द्या. म्हणजे तालुक्यातल्या कोणाला नाव लावावं लागणार नाही.

शपथपत्र दिलं म्हणजे तज्ज्ञ सुटला असंही नाही. त्यांना लेखी प्रश्नावली पाठवायची परवानगी मागा, जे. जे. मर्चंट निकालात, २००२ साली, ही वाट मान्य झालीय. 'किती पैसे घेतले' यानं सुरुवात करू नका, आयोगाला वाटेल नुसता राग आहे. विचारा: कोणते कागद पाहिले? ५.४० ची नोंद पाहिली का? पाहिली असेल तर पापण्या पडण्याचं कारण काय धरलं? तज्ज्ञानं नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही, आधार अन् कारणंही द्यावी लागतात; रमेशचंद्र अग्रवाल, २००९.

खोट्या साक्षीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं २२९. पण चुकलेलं मत म्हणजे खोटी साक्ष नव्हे. नोंद पाहूनही मुद्दाम दडवली, हे दिसलं पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या अहवालावर सही केली म्हणून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही जाता येतं, मात्र आधी उत्तरं हातात येऊ द्या.

मूळ लेखक

धन्यवाद वकीलसाहेब. तुमचं वाचून शपथपत्र पुन्हा काढलं. शेवटी बारीक अक्षरात 'अवलोकन केलेली कागदपत्रे' आहे, त्याच्यापुढे एकच गोष्ट लिहिलीय: रेफर चिठ्ठी. म्हणजे त्यांना केसपेपर दाखवलाच नसेल का? की त्यांनी मागितलाच नाही? इतके दिवस त्यांनाच शिव्या देत होतो. पहिला प्रश्न हाच टाकतो. प्रश्नावली मराठीत दिली तर चालते का?