मदत हवी आहे: सायकलचं वॉटरप्रूफ जॅकेट आतून भिजतं, नवीन कोणतं घेऊ?

ओलीबाही:
दोन वर्षांपूर्वी घेतलेलं सायकलिंगचं जॅकेट कामातून गेलंय. लेबलवर १०,००० मिमी लिहिलंय, तरी काल घरी पोचले तेव्हा आतला टी-शर्ट पिळण्याइतका ओला होता. सोमवारपासून पुन्हा रोज जायचंय आणि पाऊस थांबायचं नाव नाही. २०,००० मिमीवालं घेतलं तर प्रश्न सुटेल का? कृपया थेट नाव सांगा. तीन रात्री शोधून डोकं बधिर झालंय.

चढणवेडा:
किती अंतर? कुठे भिजतं, खांदे, बाह्या की पाठ? पाठीवर सॅक असते का? हे कळल्याशिवाय नाव कसं सांगणार?

तीनपदरी:
थ्री-लेयर गोअर-टेक्स (तीन थरांचं वॉटरप्रूफ कापड) घ्या आणि विषय संपवा. १९६९ साली बॉब गोअर यांनी तापवलेलं पीटीएफई (टेफ्लॉनचं प्लास्टिक) हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटका देऊन ताणलं, तेव्हा ते न तुटता कितीतरी पट लांबलं आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. माझं सहावं वर्ष चालू आहे, तक्रार शून्य.

पोंचोप्रेमी:
कुठलंही जॅकेट घ्या, आतून भिजणारच. पोंचो घ्या. खालून हवा खेळते, मांड्याही झाकल्या जातात. मडगार्ड मात्र हवेत.

ओलीबाही:
१४ किमी, पाऊण तास, शेवटचे दोन किमी चढ. भिजतं सगळीकडेच. सॅक असणारच ना, लॅपटॉप असतो. पोंचो नको, आमच्या रस्त्यावर वारा फार आहे.

चढणवेडा:
सॅक आणि चढ, या दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. १०,००० मिमी म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही. पडणाऱ्या पावसाचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. दाब पडतो तो सॅकच्या पट्ट्यांखाली. त्यामुळे आकडा दुप्पट करून बाह्या कोरड्या होतील असं मला वाटत नाही. धुता कसं?

ओलीबाही:
धुण्याचा काय संबंध? जास्त धुतलं तर कोटिंग जातं म्हणून वर्षातून एकदाच, इतर कपड्यांबरोबर, पावडर आणि कंडिशनर घालून.

सुईदोरा:
संबंध आहे, ताई. मी तंबू आणि जॅकेटं दुरुस्त करते. ‘गळतंय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जॅकेटांचं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा आतला पातळ पडदा, शाबूत असतं. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक थर असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. तो काम करतो तेव्हा पाणी मण्यांसारखं ओघळतं. घाम, धूळ, पावडरीचा अंश आणि कंडिशनर यांनी तो झाकला गेला की कापड पाणी पिऊन जड आणि थंड होतं. मेम्ब्रेन तेव्हाही पाणी अडवतंच, पण वाफेची वाट बंद होते आणि तुमचाच घाम थंड कापडावर पाणी होऊन साचतो. कंडिशनर सगळ्यात वाईट, त्याची साय कापडावर बसते ती पाणी ओढते.

आधी हे करून बघा. लेबल वाचा. मशीनचा कप्पा धुऊन घ्या, त्यात जुनं कंडिशनर चिकटलेलं असतं. सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करून, अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या लिक्विडने ३० अंशांवर धुवा आणि दोनदा खळबळा. लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वीस मिनिटं, नाहीतर वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री, वाफ बंद ठेवून. ही ऊब महत्त्वाची आहे, तिने उरलेला थर पुन्हा जागा होतो. तरीही मणी दिसले नाहीत तरच स्प्रे, तोही फक्त बाहेरून.

तीनपदरी:
सारखं धुवा हा सल्ला पटत नाही. मी सहा वर्षांत दोनदाच धुतलंय.

सुईदोरा:
तुम्ही रोज सॅक घेऊन चढ चढता का?

तीनपदरी:
नाही, महिन्यातून एखादी राइड. ठीक आहे, रोजच्या घामाचा विचार मी केला नव्हता.

हिरवंपान:
एक मुद्दा राहतोय. जुन्या डीडब्ल्यूआरमध्ये फ्लोरिनयुक्त रसायनं असायची. त्यांपैकी पीएफओए २०१९ मध्ये घातक, टिकाऊ रसायनांवर बंधनं आणणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, कारण ते निसर्गात विघटित होत नाही. आता बरेच उत्पादक फ्लोरिनविरहित थर वापरतात आणि हा बदल व्हायलाच हवा होता. मात्र नवा थर पाणी झटकतो, तेल झटकत नाही. अंगाचा तेलकटपणा, सनस्क्रीन, साखळीचं वंगण त्यावर बसतं, म्हणून तो जास्त वेळा धुवावा लागतो.

चेनसेट:
पावसात साखळीला वेट ल्यूब लावा आणि राइडनंतर पुसा.

चढणवेडा:
इथे साखळी कोणी विचारली नव्हती. ओलीबाही, एक चाचणी करा. कोरडा सुती टी-शर्ट आणि वर जॅकेट घालून शॉवरखाली दहा मिनिटं स्तब्ध उभ्या राहा. घाम नसताना जिथे ओलं होईल तिथेच खरी गळती. आणि हवा उबदार, दमट असेल तर कुठलंही मेम्ब्रेन फार मदत करत नाही. वाफ बाहेर ओढायला उष्णतेत आणि ओलाव्यात आत-बाहेर फरक लागतो. नवीन घेतलंत तर काखेत चेन आहे का ते आधी बघा, मग आकडा. पाठ लांब हवी, आणि हँडल धरून वाकल्यावर मनगटं उघडी पडायला नकोत.

ओलीबाही:
रविवारी दोन्ही केलं. बाह्यांवर मणी दिसतायत, दोन वर्षांत विसरलेच होते ते दृश्य. शॉवरखाली बाह्या, छाती, पाठ कोरडी. फक्त उजवा खांदा ओला. आतून बघितलं तर पट्ट्याखालच्या शिवणीवरची टेप दोन बोटं सुटलीय.

सुईदोरा:
बाकी अस्तराचा पापुद्रा सुटतोय का? हाताला चिकट लागतं का? तसं असेल तर कोटिंगच विरलंय, त्याला दुरुस्ती नाही.

ओलीबाही:
नाही, गुळगुळीत आहे.

सुईदोरा:
मग वाचलं. सुटलेली टेप काढा, जागा स्पिरिटने पुसून वाळवा, शिवणीवर सीम सीलर (शिवण बंद करणारा गोंद) पातळ लावा आणि रात्रभर टांगून ठेवा. ओलं जॅकेट घडी घालून सॅकमध्ये कोंबत जाऊ नका. आणि पट्टा तिथेच घासत राहिला तर सीलरही उडेल. वजन सायकलवर टाका.

ओलीबाही:
सीलर आजच आणते. वजन सायकलवर टाकायचं तर पॅनियर (कॅरियरला अडकवायची पिशवी) लागेल, पण माझ्या फ्रेमला कॅरियर बसवायची भोकंच नाहीत. सीटपोस्टला आवळायचा कॅरियर लॅपटॉपचं वजन पेलतो का? कोणी रोज वापरतं का?