ब्रॉडकास्ट हा शब्द मूळचा शेतीचा की रेडिओचा?

ऐरोलीची आई
मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यम. विज्ञानाच्या धड्यात पेरणीची पद्धत म्हणून 'ब्रॉडकास्टिंग' आलंय. घरात सगळ्यांचं म्हणणं, रेडिओचा शब्द शेतीला जोडलाय. खरं काय? आणि भूतकाळी रूप ब्रॉडकास्ट की ब्रॉडकास्टेड? शाळेत एक सांगतात, क्लासमध्ये दुसरंच. पेरणी तिने कधी बघितलेलीच नाही, तीही कुठे दाखवता येईल?

घणसोली गावठाण
ताई, आधी शेती. इंग्लंडात हाताने बी विखरून पेरायचे, त्याला अठराव्या शतकापासून हा शब्द आहे. रेडिओवाल्यांनी तो १९२० च्या आसपास उचलला. आपल्याकडे त्याला फोकणं म्हणतात.

१९७० मध्ये सिडको आली, त्याआधी इथे सगळी भातशेती, खाडीच्या अंगाला खारजमीन. खारात मोड आलेलं भात चिखलावर फोकायचे, त्याला रहू म्हणत. बाकीच्या रानात राब, म्हणजे रोपं तयार करायचा जमिनीचा तुकडा, भाजून त्यात बी टाकायचं आणि रोपं वर आली की लावणी. माझी आजी फोकायची ते मला अजून दिसतं. कमरेला टोपली, मूठ अर्धीच भरलेली, मनगट सैल, हात बाहेरच्या बाजूला फिरला की बोटांच्या फटींतून दाणे सुटायचे. वारा असला की थांबायची, नाहीतर एका कडेला दाट आणि दुसरीकडे विरळ उगवतं. मुलीला हे सांगा, धडा पाठ करावा लागणार नाही.

नौपाड्याचे काका
रेडिओचं मी सांगतो, माझा जन्म त्यात गेला. सुरुवातीला बिनतारी संदेश ठरलेल्या ठिकाणी जायचा, जहाजाला किंवा दुसऱ्या केंद्राला. मग गाणी, भाषणं अशी सुटू लागली की ऐकणारा कोण, किती, कुठे, काहीच ठाऊक नाही. म्हणून हा शब्द चपखल बसला. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, कंपनीच्या नावातच ब्रॉडकास्टिंग होतं. बी फेकणाऱ्याला कुठला दाणा रुजेल ते कळत नाही, आम्हालाही कळत नसे.

ऐरोलीची आई
दोघांचे मनापासून आभार. मग व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट?

घणसोली गावठाण
ते फोकणं नव्हेच. तिथे एकेक नाव निवडायचं, त्यातही तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच पोचतं. आमच्या भाषेत ती टोकण झाली, एकेक बी खड्ड्यात घालायची.

नौपाड्याचे काका
भूतकाळी रूपाचं राहिलं. परीक्षेत ब्रॉडकास्टच लिहू दे, कास्टसारखंच ते बदलत नाही. ब्रॉडकास्टेड शब्दकोशात सापडतं, पण वापर कमी. शिक्षकांनी लाल रेघ मारली तर वाद कशाला?

घणसोली गावठाण
पेरणी बघायची तर जूनमध्ये पाऊस लागला की मुरबाड किंवा शहापूरकडे न्या. सकाळी लवकर निघा. बांधावरून चालायचं, राबात पाय टाकू द्यायचा नाही.